परदेशातून कायमचं नाशिकला परतताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबई, मस्कत, न्यू जर्सी, स्टुटगार्ट, सिंगापूर. फोन कुठूनही येवो, नाशिकला परतायचं ठरवलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. तेच इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ज्यांनी "आपलंच तर गाव आहे" म्हणून नाशिकला गृहीत धरलं, त्यांनाच जास्त ठेचा लागल्या. परक्या देशात जाताना आपण दहा जणांना विचारून गेलो होतो, इथे येताना मात्र कुणाला काही विचारावंसंच वाटत नाही. कर आणि कायद्याची उत्तरं फक्त दिशा कळावी एवढ्यापुरती आहेत. कुठेही सही करण्याआधी सी.ए. गाठा.

वर्षातल्या कोणत्या महिन्यात यावं?

शाळेत जाणारी मुलं असतील तर महिना शाळाच ठरवते. सीबीएसईच्या बहुतेक शाळा एप्रिलमध्ये आणि स्टेट बोर्डाच्या जूनच्या मध्याला सुरू होतात. प्रवेशाची धावपळ त्याच्या बरीच आधी, दिवाळीनंतर लागलीच सुरू झालेली असते. एप्रिलमध्ये उतरलात तर पहिला धक्का उन्हाचा. नाशिकची हवा कशी थंड, हे आपण परदेशात सगळ्यांना सांगत फिरतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतोच.

मुलांचा प्रश्न नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. पाऊस ओसरलेला असतो, थंडी तोंडावर असते आणि कराचा हिशेबही सोपा पडतो. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर त्या वर्षापुरते तुम्ही बहुधा अनिवासीच धरले जाता. 'बहुधा' अशासाठी, की आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढले असतील तर त्या वर्षी ६० दिवस राहिलं तरी रहिवासी धरणारा नियम आडवा येऊ शकतो. दरवर्षी तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीवर येणारे त्यात सापडत नाहीत. आजारी आईवडिलांसाठी लांबलचक रजा काढून आलेले मात्र सापडतात. तेव्हा पासपोर्टवरचे शिक्के एकदा मोजून घ्या.

आणि सिंहस्थ विसरू नका. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. मुख्य पर्वण्या २०२७ मध्ये २ ऑगस्टला, ३१ ऑगस्टला आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या दिवसांत घरसामानाचा ट्रक पंचवटीत आणायचा बेत असेल तर तो पुढे ढकला.

आल्या आल्या पहिलं काम कोणतं?

सिमकार्ड. हसू नका. पुढची सगळी कामं ओटीपीवर अडतात.

ओळखीतले एक गृहस्थ आखातातून परतले. बँकेत खातं जुनं, त्याला जोडलेला मोबाईल नंबरही जुना. रिचार्ज न केल्याने तो नंबर कधीच बंद पडून दुसऱ्याला गेला होता. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणते, "काका, ओटीपी आला असेल, बघा." ओटीपी आला होता, पण निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या फोनवर. आधारलाही तोच नंबर, पॅनलाही तोच. काकांनी त्याच नंबरवर फोन लावला, आणि त्या भल्या माणसाने ओटीपी वाचून दाखवला. असं करू नये, करू देऊही नये. सांगायचं एवढंच, की परदेशात असताना जुना भारतीय नंबर रिचार्ज करत जिवंत ठेवा, किंवा आल्या दिवशी नवा घ्या आणि तो आधी आधारला जोडा.

क्रम असा ठेवा : सिम, मग आधारवर मोबाईल आणि पत्ता, मग पॅन-आधार जोडणी, मग बँकेचं केवायसी, मग गॅस वगैरे. अनिवासी असताना पॅन-आधार जोडणीतून सूट असते, रहिवासी झालात की ती संपते. पॅन निष्क्रिय पडला तर टीडीएस जास्त कापला जातो आणि परतावाही अडकतो.

पत्त्याचा पुरावा हे दुसरं दुखणं. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असणं ही आपल्याकडची घरोघरची रीत. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची सोय आहे, ती वापरा. भाड्याच्या घरात असाल तर करार नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी तशीही सक्तीचीच आहे.

एनआरई, एनआरओ खात्यांचं काय करायचं?

परतलात की बँकेला कळवायचं आणि अनिवासी म्हणून उघडलेली ही खाती निवासी करून घ्यायची. "एफडीची मुदत संपेपर्यंत गप्प बसू" हा सल्ला प्रत्येक सोसायटीत कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. एनआरई ठेवीवरचं व्याज करमुक्त असतं ते अनिवासी असेपर्यंतच. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मात्र मुदतीपर्यंत चालू ठेवता येते. डॉलर किंवा युरो परकीय चलनातच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे रहिवाशांचं परकीय चलन खातं उघडा. बाहेर असताना तिथे घेतलेलं घर, शेअर, निवृत्तीचा पैसा तिथेच राहू द्यायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात मुभा आहे. सगळं विकून घाईने इथे आणायची गरज नाही.

परदेशातल्या उत्पन्नावर लगेच कर बसतो का?

नाही. मधला एक काळ मिळतो, त्याला आरएनओआर म्हणतात : रहिवासी, पण 'सामान्यतः रहिवासी' नव्हे. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिला असाल, तर हा दर्जा लागू होतो. बरीच वर्षं बाहेर काढलेल्यांना तो साधारण दोन-तीन वर्षं पुरतो. तेवढ्या काळात परदेशातलं व्याज, भाडं, शेअरचा नफा यावर इथे कर नाही. तिथलं काही विकायचं मनात असेल तर याच काळात विकणं शहाणपणाचं.

पुढे मात्र जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं. तिथलं जुनं, विसरलेलं बचत खातंसुद्धा त्यात येतं. लपवाछपवीला दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे.

अमेरिकी नागरिकांनी आणि ग्रीन कार्डवाल्यांनी तिकडचं विवरणपत्र भरायचं थांबवू नये. अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी अर्जही भरावा लागतो. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी करखात्याच्या लेखी भलतेच किचकट असतात. बँकेतल्या माणसाने प्रेमाने एसआयपीचा फॉर्म पुढे सरकवला तरी आधी हे विचारून घ्या.

मुलं शाळेत रुळतील का?

लहान मुलं चार-सहा महिन्यांत रुळतात. सातवी-आठवीच्या पुढची अवघड जातात. नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे जोडीचे वर्ग. त्यांच्या मधोमध शाळा बदलायला बोर्ड सहसा तयार नसतात, तेव्हा मुलाला एकतर आठवीपर्यंत आणा, नाहीतर थेट अकरावीला. येताना शाळा सोडल्याचा दाखला, आधीच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि जमल्यास त्यावर त्या देशातलं प्रमाणीकरण घेऊन या. परदेशातलं बारावीच्या तोडीचं शिक्षण किंवा पदवी असेल तर समकक्षता प्रमाणपत्र लागू शकतं.

मराठीचं काय, हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. त्यामुळे घरी "आई, भूक लागली" एवढं म्हणणाऱ्या मुलाला एकदम जोडाक्षरं, अनुस्वार आणि उताऱ्यावरचे प्रश्न भेटतात. शिकवणी लावा, पण त्याआधी परतायच्या वर्षभर अलीकडे घरात मराठी वाचायला सुरुवात करा. वाण्याची यादी मुलाकडून लिहून घ्या. 'साबुदाणा' आणि 'हरभराडाळ' लिहिता येऊ लागलं की निम्मी भीती जाते.

आणखी एक. बाहेर वाढलेलं मूल वर्गात हात वर करून "मला हे पटत नाही" म्हणतं. काही शिक्षकांना याचं कौतुक वाटतं, काहींना तो उद्धटपणा वाटतो. मुलाला गप्प बसायला शिकवू नका, पण शाळा निवडताना वर्गात एकदा डोकावायला मागा. इमारत, जलतरण तलाव, वातानुकूलित बस यापेक्षा चालू तास बघणं महत्त्वाचं. ज्या शाळा "परवानगी नाही" म्हणतात त्यांचं उत्तर तिथेच मिळतं.

नीट-जेईई डोक्यात असेल तर आधीच तपासा. राज्याच्या कोट्यातल्या जागा दहावी-बारावी कुठून झाली आणि अधिवासाचा दाखला आहे का, यावर ठरतात. ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) झालेल्या मुलांना अशा परीक्षांतून एनआरआय जागांवरच प्रवेश मिळतो. हे बारावीत कळणाऱ्यांची तारांबळ पाहिली आहे.

मुलांचा पासपोर्ट परदेशी आहे. ओसीआय कार्ड पुरेसं आहे का?

राहायला, शिकायला, नोकरीला पुरेसं आहे. मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन ठेवता येते. आधारसाठी मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं, त्यामुळे आल्या आल्या त्यांचं आधार निघणार नाही. शाळेला तसं समजावून सांगा. विशीच्या आत कार्ड काढलं असेल तर वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यानंतरचा पहिला नवा पासपोर्ट घेतल्यावर कार्ड पुन्हा काढावं लागतं.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांच्यासाठी जाता जाता : त्याची पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. म्हणजे तुमच्या आधी तोच इथून बाहेर पडला होता.

घर कुठे घ्यावं?

पहिलं वर्ष घेऊच नका, भाड्याने राहा. तुम्ही सोडलं तेव्हा गंगापूर रोड जिथे संपायचा, तिथून पुढे आता वस्ती सुरू होते. कॉलेज रोड-महात्मानगर म्हणजे सगळं हाताशी, पण गर्दी आणि भाव दोन्ही चढे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा अंबडच्या कारखानदारीला आणि मुंबईच्या रस्त्याला जवळ. वरचेवर मुंबईला जायचं असेल तर नाशिक रोडला तोड नाही. सकाळची पंचवटी एक्सप्रेस गाठायला द्वारकेच्या चौकातून जावं लागत नाही, ही लाखमोलाची गोष्ट आहे. देवळाली कॅम्प शांत आहे, कधी कधी जरा जास्तच.

फ्लॅट बघताना दिवाणखान्यातली फरशी नंतर बघा, आधी पाणी विचारा. महापालिकेचं किती वेळ, बोअर आहे का, मे महिन्यात टँकर किती लागतात. उत्तर बिल्डरला विचारू नका, वॉचमनला विचारा. गोदावरीच्या काठाजवळ काही आवडलं तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहून घ्या. २००८ च्या पुराने पुष्कळांना धडा दिला आहे. पाऊस वाढला की आजही नाशिककर एकमेकांना दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं तेच विचारतात.

गिरणाऱ्याकडे छोटं शेत घेऊन फार्महाऊस बांधायचं स्वप्न आहे.

हे स्वप्न जवळपास प्रत्येकाच्या सामानात असतं. अनिवासी भारतीय आणि ओसीआयधारकांना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भारतीय नागरिक म्हणून परतून रहिवासी झालात, तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर रीतसर बिगरशेती झालेला प्लॉट बघा. "पाच गुंठे घ्या, नाव नंतर लागेल" असं सांगणारा भेटला तर चहा प्या आणि निघा.

वडिलोपार्जित जमीन असेल तर वारस नोंद झाली आहे का ते आधी पाहा. सातबारा ऑनलाइन निघतो. त्यावर वडिलांचं, कधी आजोबांचंही नाव अजून तसंच असतं. तलाठी कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन फेरफार करून घ्यायचा. बहिणींची नावंही वारस म्हणून लागतात. ती परस्पर गाळायचा सल्ला घरातलंच कुणी देईल. त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा.

सामानात काय आणू?

पुस्तकं, मुलांची आवडती खेळणी, लॅपटॉप, ज्या चादरींशिवाय झोप येत नाही त्या चादरी. अमेरिकेतून मिक्सर, टोस्टर, हेअर ड्रायर आणू नका. तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०. ब्रिटन-युरोपातली उपकरणं चालतात, फक्त प्लग बदलावा लागतो. कायमचं परतणाऱ्यांना कस्टममध्ये सवलत असते आणि ती किती वर्षं बाहेर होता त्यावर ठरते. ते नियम आणि रकमा बदलत असतात, तेव्हा तुमच्या तारखेला कस्टमच्या संकेतस्थळावर जे असेल तेच खरं. वापरलेल्या वस्तूंचीही यादी आणि अंदाजे किंमत लिहून जवळ ठेवा.

गाडी चालवायला काय लागेल?

जुनं भारतीय लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पेठ रोडचं आरटीओ, एमएच-१५. कागद सोपे आहेत, द्वारका आणि मुंबई नाका अवघड आहेत. पहिले काही आठवडे ड्रायव्हर ठेवा.

आईवडिलांसोबत एकाच घरात राहावं का?

यावर माझं मत स्पष्ट आहे : जवळ राहा, पण शक्यतो वेगळ्या घरात. त्याच सोसायटीत किंवा पलीकडच्या गल्लीत.

तुम्ही नव्हता तेव्हा त्यांनी त्यांची घडी बसवली आहे. पाणी भरायची वेळ, मालिकेची वेळ, कामवाल्या मावशींचा चहा, औषधांचा डबा, बाबांची सकाळची कट्ट्यावरची बैठक. तुम्ही येता आणि पहिल्याच आठवड्यात फ्रिज आवरता, तेल बदलता, जुने डबे भंगारात काढता, आईला म्हणता, "अगं, हे सगळं तू कसं चालवून घेत होतीस?" तिला ते मदत वाटत नाही. माझ्या माहितीतल्या एका आजींनी सुनेने आणलेला नवाकोरा इंडक्शनचा संच तीन महिने खोक्यातच ठेवला आणि गॅसवर भाकरी भाजत राहिल्या. सून चिडली. मला विचाराल तर आजी बरोबर होत्या.

वेगळं राहिलात तर नातेवाईक बोलतील. "एवढ्या लांबून आले आणि वेगळे राहिले." बोलू द्या.

याहून नाजूक बाब म्हणजे मागे राहिलेला भाऊ किंवा बहीण. तुम्ही पैसे पाठवत होता, पण बाबांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं ते त्यांनी. फायलीत कुठला रिपोर्ट कुठे आहे, आईला कोणती गोळी सोसत नाही, हे त्यांना पाठ आहे. तुम्ही येऊन "दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ या" म्हणता तेव्हा त्यांच्या कानावर काय पडतं याचा विचार करा. पहिले काही महिने फक्त विचारा आणि त्यांच्या मागोमाग जा. जमलं तर त्यांना आठ दिवस कुठेतरी फिरायला पाठवा आणि घर तुम्ही सांभाळा. घराच्या वाटणीचा विषय पहिल्या वर्षी काढू नका.

आरोग्य विमा कधी घ्यावा?

येण्याआधीच. आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपन्या प्रतीक्षा कालावधी लावतात, तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. ते घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. अर्ज भरताना रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहा. एजंट "नको लिहायला" म्हणाला तरी लिहा. घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, फक्त रुग्णालय योजनेत आहे का ते पाहायचं.

नाशिकमध्ये नोकरी मिळेल, की शेवटी पुणंच?

तुम्ही काय करता यावर आहे. यंत्र, वाहन, विद्युत उपकरणं या क्षेत्रात असाल तर सातपूर, अंबड, सिन्नरमध्ये काम आहे. वाइन, द्राक्ष, अन्नप्रक्रियेतही आहे. आयटीवाल्यांना पर्याय कमी, म्हणून बरेच जण परदेशी कंपनीचंच काम घरून करतात. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची बैठक म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे मुलांचं जेवण, अभ्यास, झोप यातलं काहीच तुमच्या वाट्याला येत नाही. ज्या कारणासाठी परतलात तेच निसटतं, तेव्हा वेळेचं बोलणं आधी करून घ्या. आणि भारतात बसून केलेल्या कामाचा पगार इथेच करपात्र असतो, आरएनओआर असलात तरी.

मुंबई मात्र जवळ आली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि कसारा घाटाची धास्ती पुष्कळ कमी झाली. पुण्याचं तसं नाही. सिन्नर-संगमनेर-नारायणगावच्या रस्त्याने रोज काय, आठवड्यातून एकदाही नको होतं.

"का आलात परत?" याला काय उत्तर द्यायचं?

"आईबाबांसाठी." हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. उसने मागायला येणाऱ्यांसाठी दुसरं उत्तर तयार ठेवा : "पैसे सगळे अडकलेत." दोन्ही उत्तरं बऱ्यापैकी खरीही असतात.

मिसळ सोसेल का?

पहिले दोन आठवडे नाही. तर्री बाजूला मागून घ्या.

नाहीच जमलं तर परत जाता येईल का?

हे येण्याआधी विचारा, आल्यावर नाही, कारण प्रत्येक देशाचा काटा वेगळा आहे. ग्रीन कार्डवाला वर्षभराहून जास्त बाहेर राहिला तर कार्ड सोडून दिल्याचं धरलं जाऊ शकतं. त्यासाठी री-एन्ट्री परमिट असतं, जास्तीत जास्त दोन वर्षांचं, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ब्रिटनचा कायम वास्तव्याचा हक्क सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर सर्वसाधारणपणे संपतो. कॅनडाला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे हवेत. जर्मनीचा कायम परवाना साधारणपणे सहा महिन्यांत धोक्यात येतो. अमिरातीचा नेहमीचा व्हिसाही सहा महिन्यांत.

ती तारीख दोघांनाही माहीत असू द्या. पुष्कळ घरांत एकाला राहायचं असतं, दुसऱ्याला जायचं असतं, आणि कुणीच तोंड उघडत नाही. मग तारीख उलटते आणि निर्णय आपोआप होतो. त्याचा राग पुढे अनेक वर्षं किराण्याच्या पिशवीवरून, पार्किंगवरून निघत राहतो. तारखेच्या दोन महिने आधी बसा, मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांनाही बसवा. आजी-आजोबांना त्या बैठकीत घेऊ नका.